कोरडं आहे, ओसाड नाही

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर हिंजवडीतून बाहेर पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आयटी पार्कातून सुटलेल्या बस, कॅब आणि टू-व्हीलर एकमेकांना चिकटून उभ्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी पीजीच्या, होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या कुठं?' पुढची उत्तरं पाठ झालेली असतात. लोहगड, तिकोना, ताम्हिणी, देवकुंड. कुणीतरी लोणावळा म्हणतं, कुणीतरी 'परत तेच?' असं विचारतं आणि शेवटी सगळे परत तिकडेच जातात.

ही सगळी ठिकाणं पश्चिमेला आहेत. त्यात चुकीचं काही नाही. सह्याद्री आहे, किल्ले आहेत, पाऊस आहे आणि पावसात रील चांगली येते. पण गेल्या काही वर्षांत या एकाच दिशेला किती माणसं लोटतात, हेही आपण पाहतोय. १५ जून २०२५ चा रविवार आठवा. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि माणसं गेली. हिंजवडीहून हे ठिकाण जवळच आहे. त्या दिवशी तिथं उभे असलेले बरेचसे आपल्यासारखेच, सुट्टी घालवायला आलेले होते.

म्हणून आज आमची एक सूचना आहे. एखाद्या वीकेंडला गाडीचं तोंड उलट्या दिशेला वळवा. पूर्वेला जा. जिथं धबधबा नाही, धुकं नाही, हिरवा डोंगर नाही, अशा पुणे जिल्ह्यात जा. सूचना फक्त गर्दी टाळण्यापुरती नाही. तिकडे एक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर संपत चाललीय आणि ती संपवण्यात आपलाही हात लागतोय, तोही चांगल्या हेतूनं. ते समजून घ्यायचं असेल, तर आधी ती पाहायला हवी.

एकच जिल्हा, दोन हवामानं

२५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. ताम्हिणी आपल्या मुळशी तालुक्यातच येतं. याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, साधारण एवढा पाऊस पडायला अख्खं वर्ष लागतं. शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द आपण दोन मार्कांसाठी पाठ केला होता. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटावर चढताना रिकामे होतात आणि पुढे कोरडा वारा तेवढा जातो. हिंजवडी या दोन टोकांच्या मधे, घाटाकडच्या बाजूला आहे. इथून पश्चिमेला तासा-दीड तासावर भाताची खाचरं आणि दाट झाडी लागते. पूर्वेला दोन-अडीच तासांवर मुरमाड माळ, बोरी-बाभळी आणि कमरेएवढं पिवळं गवत लागतं.

हा माळ म्हणजे कऱ्हा आणि नीरेच्या कोरड्या खोऱ्यांचा प्रदेश. कऱ्हा म्हटलं की आपल्याला अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव आठवतं. प्रत्यक्ष नदी बहुतेकांनी जेजुरीला जाताना पुलावरून पाहिलेली असते आणि तीही बऱ्याचदा कोरडी. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या वाटेनं गेलात की दोन्ही बाजूंना हा माळ दिसत राहतो. आपण गाडीच्या काचेतून बघतो, 'काहीच नाहीये इकडे' म्हणतो आणि मिसळ कुठं चांगली मिळते ते शोधायला लागतो.

तिथं काय आहे, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

सुप्याची एक सकाळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या टीममधले पाचजण पहाटे चारला हिंजवडीहून निघालो. रस्ते मोकळे होते. नव्वदेक किलोमीटरवर बारामती तालुक्यातलं सुपे गाव आहे आणि गावाजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव त्याला दिलंय. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांसमोर ताडोबा येत असेल, तर तो विसरा. मयूरेश्वरचं क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी ते एक. १९९७ मध्ये ते जाहीर झालं ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी.

पहिला अर्धा तास आम्हाला काहीही दिसलं नाही. अगदी खरं सांगायचं तर कंटाळा आला. थंडी होती, गवत ओलं होतं, मोज्यांत कुसळं घुसली होती आणि आमच्यातल्या एकानं 'यापेक्षा झोपलो असतो' असं बोलूनही दाखवलं. मग ऊन थोडं वर आलं. समोरच्या गवतात इतका वेळ जो मातीचा उंचवटा वाटत होता, त्यानं कान हलवला.

चिंकारा होता. एक नव्हे, चार. इतका वेळ ते आमच्याकडेच बघत होते आणि आम्ही त्यांच्यातून आरपार बघत होतो. अंगाचा रंग वाळल्या गवताचा, चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकापर्यंत गेलेली गडद रेघ, सारखी हलणारी छोटी काळी शेपूट. आकार साधारण मोठ्या शेळीएवढा, वजन वीस-पंचवीस किलो. त्यातल्या एकानं पुढचा पाय जमिनीवर आपटला, शिंकल्यासारखा आवाज काढला आणि क्षणात चौघंही बोरींच्या पलीकडे गेले.

हा प्राणी राजस्थानच्या थरच्या वाळवंटातही राहतो. पाण्याशिवाय तो बरेच दिवस काढू शकतो. पाला, गवत आणि त्यावरच्या दवातून मिळणारा ओलावा त्याला पुरतो. म्हणजे ज्याला आपण या माळाची उणीव समजतो, त्या कोरडेपणासाठीच हा प्राणी घडलेला आहे.

एकदा चिंकारा दिसला की नजर बसते. मग पायाजवळचं दिसायला लागतं. मातीच्या रंगाचा धाविक पक्षी दोन पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. थांबला की तो परत मातीच होऊन जातो. चंडोल गात-गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. पखुर्ड्यांचा थवा पाण्याच्या दिशेनं जातो. या पखुर्डीच्या कुळातले नर आपल्या पोटावरची पिसं पाण्यात भिजवतात आणि ते पाणी लांबवरच्या पिल्लांपर्यंत घेऊन जातात. पिल्लं बापाच्या पिसांतून पाणी पितात. हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून आलेले भोवते, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. रात्री ते झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर झोपतात. जिथं गवत संपलं, तिथं त्यांची झोपायची जागा संपली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात, तर दगडावर बसून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडमीट करणारा सरडा दिसू शकतो. २०१६ मध्ये या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी नवीन प्रजातीसमूह म्हणून नाव दिलं. शास्त्रीय नावं लॅटिन नाहीतर ग्रीक असतात, असं आपण धरून चालतो. या गटाचं शास्त्रीय नाव 'सरडा' आहे. आपला मराठी सरडा.

लांडगा आम्हाला दिसला नाही. पायवाटेच्या धुळीत त्याचे ठसे दिसले, तेही आमच्यासोबतच्या स्थानिक माणसानं दाखवले म्हणून. परतताना गाडीत वेगळीच शांतता होती. 'झोपलो असतो' म्हणणारा गडी ठशाचा फोटो मोठा करकरून बघत होता.

'पडीक' हा शब्द कुठून आला?

आता मुद्द्याकडे येऊ. एवढं सगळं ज्या जमिनीवर राहतं, त्या जमिनीला सरकारी कागदावर काय म्हणतात? पडीक. ओसाड. इंग्रजांच्या महसूल खात्याला जमिनीतून सारा किती मिळतो, एवढंच बघायचं होतं. शेत पिकतं तर सारा मिळतो, जंगलातून लाकूड मिळतं, गवताळ माळातून फारसं काही मिळत नाही. म्हणून तो 'वेस्ट लँड'. इंग्रज गेले, शब्द राहिला. आजही केंद्र सरकारच्या 'वेस्टलँड ॲटलास'मध्ये देशातली कितीतरी गवताळ आणि झुडपी जमीन याच नावाखाली दाखवलेली असते. एकदा जमीन 'पडीक' ठरली, की तिथं काहीही करायला मन धजावतं. कारखाना, सोलर पार्क, रस्ता, प्लॉटिंग, नाहीतर वृक्षारोपण.

गंमत म्हणजे मराठी भाषेला या जमिनीची चांगली ओळख आहे. माळ, माळरान, कुरण, गायरान, बरड, मुरमाड, हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत. ज्या भाषेत एका गोष्टीला इतके शब्द असतात, त्या भाषेची माणसं ती गोष्ट रोज वापरत असतात. शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला यातलं कुठलं कुठं आणि कधी उपयोगी, हे नेमकं माहीत असतं.

तरीही एक समज आपल्या मनात पक्का बसलाय की हे माळ म्हणजे पूर्वीची घनदाट जंगलं, माणसानं तोडली म्हणून असे उघडे पडले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी हा समज वेगळ्याच पद्धतीनं तपासला. त्यांनी जुनं मराठी साहित्य उघडलं. तेराव्या शतकापासूनच्या कथा, काव्यं, लोकगीतं, दैवतांची चरित्रं यांत पश्चिम महाराष्ट्राच्या या भागाचं वर्णन कसं येतं आणि कुठल्या झाडाझुडपांचा उल्लेख येतो, याची त्यांनी नोंद केली. २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या मजकुरात त्यांना ४४ रानवनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या, गवताळ माळावर वाढणाऱ्या निघाल्या. नीरेच्या खोऱ्याचं वर्णनही मोकळ्या, काटेरी, गवताच्या प्रदेशाचंच होतं. म्हणजे निदान सातशे वर्षांपूर्वीही हा माळ माळच होता. तो उजाड झालेलं जंगल नाही. त्याचं रूपच हे आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पर्यावरणाचा प्रश्न फक्त बॉटनीवाल्यांचा आणि जीआयएसवाल्यांचा नसतो. कॉलेजच्या लायब्ररीत धूळ खात पडलेल्या जुन्या पोथीतही पुरावा असू शकतो.

आपण लावलेली झाडं

आता जरा अवघड भाग. आमच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजात असताना एखाद्या टेकडीवर झाडं लावलीयत. बस आली, टोपी मिळाली, खड्डे आधीच खणलेले होते, रोपं ठेवलेली होती. आपण रोप लावलं, माती दाबली, फोटो काढला, वडापाव खाल्ला आणि घरी गेलो. मनाला बरं वाटलं. ज्या उतारावर आपण खड्डे भरले, तिथं आधी काय उगवत होतं, असं कुणी विचारलं नाही. गवत होतं. आणि गवत म्हणजे काहीच नाही, असं आपण सगळ्यांनीच धरलं होतं.

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड किती झाली, हे तिथं चालायला जाणाऱ्यांना माहीत आहे. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. भराभर वाढतं, लांबून हिरवं दिसतं. त्याच्या दाट सावलीत स्थानिक गवत नीट वाढत नाही. गवत गेलं की त्यातले टोळ-किडे जातात, ते खाणारे पक्षी जातात. टेकडी हिरवी होते आणि गप्प होते.

यावर लगेच प्रश्न येईल, 'म्हणजे झाडं लावायचीच नाहीत का? एवढं तापमान वाढतंय!' प्रश्न रास्त आहे. झाडं जरूर लावा. रस्त्याच्या कडेला, कॉलेजच्या आवारात, सोसायटीत, शेताच्या बांधावर, जिथं खरोखर जंगल तोडलं गेलंय तिथं. हिंजवडीच्या फेज टू-थ्रीमधल्या तापलेल्या रस्त्यांना सावलीची गरज आहे, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण जिवंत माळ खणून तिथं झाडं लावणं म्हणजे एक चालता संसार मोडून दुसरा थाटण्याचा प्रयत्न आहे, आणि पाचशे मिलिमीटर पावसात तो दुसरा टिकेलच असं नाही. कार्बनचं म्हणाल, तर गवतही तो साठवतं, फक्त जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. फोटोत दिसत नाही एवढंच.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण देतो. तळेगाव दाभाडे परिसरातल्या गवताळ माळावर २०२४ मध्ये एका नव्या वनस्पतीची नोंद झाली, डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा सरल्यावर, आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, माळावरून आग जाऊन गेल्यावर. जळालेल्या जमिनीतून तिचे खोडके परत फुटतात आणि बुटकी, भरगच्च फुलं येतात. (याचा अर्थ माळ पेटवा असा नाही. वारंवार लावलेल्या वणव्यात जमिनीवरची घरटी जळतात आणि सरपटणारे जीव होरपळतात.) तळेगाव हिंजवडीहून वीसेक किलोमीटरवर आहे. ज्या उतारावरून आपण शनिवारी बाइक नेतो, तशाच उतारावर जगाला माहीत नसलेली वनस्पती २०२४ पर्यंत उभी होती. त्या उतारावर आधीच खड्डे खणले गेले असते तर?

माळढोकाचं काय झालं

माळ गमावला तर काय होतं, याचं उत्तर सोलापूरजवळच्या नान्नजला मिळतं. १९७९ मध्ये तिथं माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं होतं. त्यामुळे लोकांच्या अडचणी वाढल्या, रोष वाढला आणि पुढे २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान माळाचे तुकडे झाले. पाणी आलं तसा ऊस आला, विजेच्या तारा आल्या, झाडांची लागवड झाली. माळढोक साधारण मीटरभर उंच, भारी अंगाचा पक्षी. मादी बहुतेक वेळा एका हंगामात एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर मोकळं दिसणारं गवत लागतं. ते राहिलं नाही, तसा तोही राहिला नाही. आज जगात मोकळ्या निसर्गात माळढोक दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला आहेत. महाराष्ट्रात त्यांचं दर्शन जवळपास थांबलंय.

लांडग्याचंही ऐका. २०२२ च्या गणनेनुसार देशात वाघ ३,६८२. लांडगे किती असतील? अभ्यासकांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे लांडगा वाघापेक्षाही कमी. पण वाघासाठी राखीव प्रकल्प आहेत, सफारीचं बुकिंग महिनोन्‌महिने आधी भरतं, टी-शर्ट मिळतात. लांडगा आपल्याला भेटतो तो गोष्टीतला दुष्ट म्हणून आणि 'लबाड लांडगा' म्हणून. कायद्यानं त्याला वाघासारखंच पहिल्या परिशिष्टात ठेवलंय, पण तो राहतो ती जागा मात्र 'पडीक'.

आणि त्याच्यावर आता एक नवं संकट आलंय. गावाबाहेरच्या कचऱ्यावर वाढलेली भटकी कुत्री माळावर पोचलीयत. त्यांच्याकडून रोग येतात आणि संकरही होतो. पुणे जिल्ह्याच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. आपण पिकनिकहून परतताना टाकलेली बिर्याणीची डिश या साखळीत कुठं बसते, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

यात धनगरांचा विचार सुटता कामा नये. लांडग्यानं मेंढरू नेलं तर नुकसान त्यांचंच होतं. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच माळावर लांडग्याच्या शेजारी राहिलेत. कुरण राहिलं तर मेंढ्या राहतील आणि मेंढ्यांबरोबर ते राहतील. माळ वाचवणं म्हणजे माणसं हाकलून कुंपण घालणं नव्हे. नान्नजच्या अनुभवानं तेही शिकवलंय. या माळाचं भलं कशात आहे, हे ठरवताना मेंढपाळ, शेतकरी आणि ग्रामपंचायत खुर्चीवर असायला हवेत, टाळ्या वाजवायला समोर नव्हे.

जायचं कसं, वागायचं कसं

चांगली बातमीही आहे. २०२४ मध्ये पुणे वनविभागानं इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ इथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आधी बुकिंग करायचं, ठरलेल्या वाटांवरूनच गाडी न्यायची आणि सोबत स्थानिक गाइड घ्यायचा. गावातल्या मुलांना त्यातून काम मिळतं आणि माळ जिवंत राहण्यात गावाचाही फायदा राहतो. तिकीट काढा, गाइड घ्या, त्याच्याशी घासाघीस करू नका. जाण्यापूर्वी वेळा आणि नियम वनविभागाकडून पक्के करून घ्या.

उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गवत उभं असतं आणि पाहुणे पक्षी आलेले असतात. उजाडताना पोचायला हवं, दहानंतर ऊन चढलं की सगळं झुडपाखाली जातं. अंगावर मळखाऊ रंगाचे कपडे, डोक्यावर टोपी, पायांत बूट, भरपूर पाणी आणि एका ग्रुपमध्ये एक तरी बायनॉक्युलर. महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. अर्धा तास गप्प बसता यायला हवं, मात्र तेच सगळ्यात अवघड आहे.

न करण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कडक आहेत. वाट सोडून गाडी किंवा बाइक गवतात घालायची नाही. टिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि अंडी मातीच्याच रंगाची असतात. एका चाकाखाली किती गेली, ते कळणारही नाही. चिंकारा पळाला की त्याच्यामागे गाडी पळवायची नाही. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं असतात, त्यामुळे कुणी 'बिळ दाखवतो' म्हणालं तर नको म्हणायचं. ड्रोन नाही, रात्री टॉर्च मारत हिंडणं नाही. आणि एक गोष्ट तुमच्या पिढीसाठी खास. लांडगा किंवा तरस दिसलं, तर इन्स्टावर लोकेशन टॅग करू नका. 'बारामती तालुका' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. तुम्ही एक टॅग टाकता आणि पुढच्या रविवारी तिथं चाळीस गाड्या उभ्या राहतात. पश्चिमेकडे आपण जे केलं, तेच पूर्वेकडे न्यायचं नाहीये.

आणि हिंजवडीत?

पूर्वेला जाणं सगळ्यांना परवडेल असं नाही. गाडी नाही, सबमिशन आहे, पैसे संपलेत. ठीक आहे. हिंजवडी-मारुंजीच्या आसपास अजून थोडे गवताळ उतार शिल्लक आहेत, घोरावडेश्वरचा डोंगरही फार लांब नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथं आयटी पार्क नव्हता, शेतं आणि माळ होते, हे गावातल्या कुठल्याही आजोबांना विचारा. त्यातलं जे उरलंय ते रोज थोडं थोडं जातंय. एका आठवड्यात तिथं राडारोडा पडतो, पुढच्या आठवड्यात पत्रे लागतात.

तेव्हा या शनिवारी सकाळी साडेसहाला फक्त एक तास द्या. जवळच्या मोकळ्या उतारावर जा. दिसेल ते गवत, फूल, पक्षी, सरडा यांचे फोटो काढा आणि 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'ईबर्ड'वर टाका. नाव माहीत नसलं तर तिथली जाणकार मंडळी सांगतात. दर महिन्याला हेच करा. वर्षभरात तुमच्याकडे त्या जागेची एक यादी असेल, तारखांसकट. उद्या त्याच जागेला कुणी 'पडीक' म्हटलं, मग तो बिल्डर असो, अधिकारी असो किंवा झाडं लावायला निघालेली आपलीच कॉलेजची टीम असो, तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल. टेकडी वाचवण्याच्या आंदोलनात घोषणा लागतातच, पण अशी एक यादी असली तर घोषणेला आधार मिळतो.

आणि पुढच्या वेळी कॉलेजात वृक्षारोपणाची नोटीस लागली, तर नाव जरूर द्या. फक्त नाव देण्याआधी कोऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना एक प्रश्न विचारा, 'सर, त्या जागेवर आत्ता काय उगवतंय?' उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर एक दिवस आधी जाऊन स्वतः बघून या. शक्य असेल तर सरांनाही घेऊन जा.